वाय-फाय मंद, कंपनी मख्ख : दोष कुठे शोधावा, दाद कुठे मागावी

नवी दिल्ली : बिल वेळेवर भरलेले असते, राउटरचे दिवे नेमाने लुकलुकत असतात, तरीही नोकरीच्या मुलाखतीत ऐन उत्तराच्या वेळी पडद्यावरचा चेहरा थिजतो किंवा परीक्षेचा अर्ज शेवटच्या घटकेला पुढे सरकत नाही. कंपनीला फोन केला की ‘राउटर बंद करून पुन्हा चालू करा’ असा सल्ला मिळतो. दुसऱ्या फोनलाही तोच सल्ला मिळतो आणि तिसरा फोन करण्यापूर्वीच तक्रार निकाली निघाल्याचा संदेश येऊन पडतो. घरगुती इंटरनेट वापरणाऱ्यांना देशाच्या सर्व भागांत हा अनुभव कमी-अधिक प्रमाणात येतो.

अशा वादात ग्राहकाची बाजू बहुधा एकाच ठिकाणी लंगडी पडते. ‘नेट स्लो आहे’ या वाक्यामागे अनेक निरनिराळे बिघाड दडलेले असू शकतात. त्यांतील काही घराच्या चार भिंतींत असतात, काही कंपनीच्या तारेत, तर काही त्याहूनही दूर. नेमका कोणता बिघाड आहे हे ग्राहकाला सांगता आले नाही, तर तो घरातच आहे असे म्हणून मोकळे होणे कंपनीला सोपे जाते. उलट, तारेने जोडून आणि वेळ नोंदवून घेतलेली मोजकी मापे हाती असली, तर घरातला दोष घरच्या घरी दूर होतो आणि कंपनीचा दोष असल्यास कायद्याने दिलेल्या तक्रारीच्या पायऱ्या खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात.

वेगाचा हिशेब

इंटरनेटचा वेग ‘मेगाबिट प्रति सेकंद’ म्हणजेच एमबीपीएस या एककात सांगितला जातो, तर संगणकावरील फाइलचा आकार ‘मेगाबाइट’मध्ये दाखवला जातो. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल उतरवताना सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट एवढाच वेग दिसतो आणि एक गिगाबाइटची फाइल उतरण्यास साधारण ८० सेकंद लागतात. १०० चे पैसे घेऊन १२ देतात, ही तक्रार अनेकदा या दोन एककांच्या घोळातून उद्भवते.

ब्रॉडबँड कशाला म्हणावे, याची सरकारी व्याख्याही काळानुसार बदलत गेली आहे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान २५६ केबीपीएस वेगाच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले होते. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ केबीपीएस झाली आणि जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने ती २ एमबीपीएसवर नेली. आजच्या गरजांच्या तुलनेत हा आकडा अल्पच आहे. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ बैठकीला २ ते ४ एमबीपीएस वेग लागतो आणि ‘फोर-के’ दर्जाच्या चित्रपटाला १५ ते २५ एमबीपीएस. तरीही चौघांच्या कुटुंबाला ५० ते १०० एमबीपीएसची योजना सहसा पुरेशी ठरते. ती अपुरी वाटत असेल, तर अधिक महाग योजना घेण्यापूर्वी दोष अन्यत्र नाही ना, हे पाहणे श्रेयस्कर. ‘तुमची योजना लहान आहे, मोठी घ्या’ असे कंपनीचा प्रतिनिधी सुचवतो तेव्हा तर ही खातरजमा अधिकच आवश्यक ठरते.

वेगाइतकाच महत्त्वाचा घटक म्हणजे विलंब. आपला संकेत सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा हा काळ मिलिसेकंदांत मोजतात. घरातील एखादा संगणक मोठी फाइल चढवत असला की राउटरमध्ये माहितीच्या पाकिटांची रांग लागते आणि वेगाची चाचणी समाधानकारक दिसत असूनही बोलणे तुटक ऐकू येते. चाचणीत ‘पिंग’ या नावाने दिसणारा आकडा म्हणूनच लिहून ठेवावा, आणि तो जोडणी मोकळी असताना व ती वापरात असताना असा दोन्ही वेळा पाहावा.

चार भिंतींतील अडथळे

वाय-फाय आणि इंटरनेट हे शब्द समानार्थी वापरले जात असले, तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीची जोडणी राउटरपाशी संपते आणि राउटरपासून फोनपर्यंतचा रेडिओलहरींचा टप्पा म्हणजे वाय-फाय. भारतात घरगुती वाय-फाय प्रामुख्याने २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालते. यांपैकी पहिला पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, तर ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत भाग ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने खुला झाला.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून तुलनेने दूरवर जातात, परंतु या पट्ट्यात एकमेकांना न छेदणारे चॅनेल तीनच आहेत : १, ६ आणि ११. चार मजली इमारतीत १५-२० राउटर या तीन चॅनेलांवर दाटीवाटीने चालतात. त्यातच ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात लुडबुड करतात. ५ गिगाहर्ट्झवर जागा ऐसपैस असते आणि वेगही बराच जास्त मिळतो. मात्र विटांच्या जाड भिंती, सिमेंट-काँक्रीटचे खांब, आरसे, लोखंडी कपाटे आणि पाण्याच्या टाक्या या लहरींना लवकर थोपवतात.

यातून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. राउटर टीव्हीच्या मागे, शोकेसच्या बंद कप्प्यात किंवा विजेच्या मीटरशेजारी माळ्यावर ठेवू नये. घराच्या मध्यभागी, छातीच्या उंचीवर आणि मोकळ्या हवेत ठेवलेला राउटर अधिक चांगले काम देतो. दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे दिल्यास फोन कोणत्या पट्ट्यावर आहे हे कळते. टीव्ही, मुख्य संगणक असे एका जागी राहणारे उपकरण शक्य तेथे तारेनेच जोडावे, म्हणजे वाय-फायची हवा इतरांसाठी मोकळी राहते. वाय-फायवर सर्व उपकरणे एकच हवा आळीपाळीने वापरतात. दूरच्या खोलीतील एखादा जुना फोन क्षीण संकेतावर रखडत असला, तर त्याचा भुर्दंड इतरांनाही सोसावा लागतो.

मोठ्या घरात बाजारातील स्वस्त ‘रिपीटर’ लावण्याचा मोह होतो. परंतु एकाच पट्ट्यावर ऐकून त्याच पट्ट्यावर पुढे सांगणारा रिपीटर उपलब्ध वेग जवळजवळ निम्म्यावर आणतो. दुसऱ्या खोलीपर्यंत केबल ओढून तेथे दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून लावणे, हा खर्चाच्या मानाने सर्वांत खात्रीचा उपाय होय.

राउटरची कुवत तपासणेही तितकेच आवश्यक आहे. स्थानिक केबलचालक जोडणीबरोबर फुकट देतात ते राउटर अनेकदा केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे असतात आणि त्यांची केबल-खाचही १०० एमबीपीएसच्या पलीकडे जात नाही. अशा उपकरणावर ३०० एमबीपीएसची योजना घेणे म्हणजे अरुंद नळाला मोठी टाकी जोडण्यासारखे आहे. केबलचीही अशीच गत असते. तिच्या आतील आठही तारा जोडलेल्या असल्या तरच १,००० एमबीपीएसचा वेग चालतो. चारच तारा जोडल्या असतील किंवा एखादी तुटली असेल, तर जोडणी गाजावाजा न होता १०० वर उतरते. चाचणीचा आकडा दर वेळी ९३ ते ९५ च्या आसपासच अडकत असेल, तर संशयाची सुई या खाचेकडे किंवा केबलकडे वळवावी.

तारेची कसोटी

दोष घरात आहे की घराबाहेर, याचा निवाडा एका साध्या कसोटीने होतो. लॅपटॉप केबलने थेट राउटरला, किंवा शक्य असल्यास फायबरच्या डबीला, जोडावा. लॅपटॉपचे वाय-फाय बंद करावे आणि घरातील इतर सर्व उपकरणे जोडणीवरून उतरवावीत. त्यानंतर वेगाची चाचणी लागोपाठ तीन वेळा घ्यावी. चाचणीसाठी कोणतेही विश्वासार्ह संकेतस्थळ चालते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजेच ट्रायचे, ‘मायस्पीड’ हे ॲपही फोनवर उपलब्ध आहे.

येथे एक खुबी ध्यानात घ्यावी. चाचणीचे संकेतस्थळ अनेकदा आपोआप जवळचा सर्व्हर निवडते आणि तो सेवापुरवठादाराच्याच जाळ्यातला असू शकतो. तेथपर्यंतचा रस्ता मोकळा असला, तरी बाहेरच्या जगाकडे जाणारा रस्ता तुंबलेला असू शकतो. म्हणून निदान एक चाचणी दुसऱ्या शहरातील, अन्य कंपनीच्या सर्व्हरवर घ्यावी.

हीच चाचणी पहाटे, दुपारी आणि रात्री ९ ते ११ या गर्दीच्या वेळी, अशी सलग तीन दिवस करावी. प्रत्येक वेळी दिनांक, वेळ, सर्व्हरचे नाव, उतरण्याचा वेग, चढण्याचा वेग आणि पिंग यांची नोंद ठेवावी व पडद्याचे छायाचित्र जपावे. शिवाय वाय-फायवर एकदा राउटरजवळ आणि एकदा दूरच्या खोलीत चाचणी घेतली, की चित्र पुरे होते.

नोंदींचा अर्थ पुढीलप्रमाणे लावता येतो. तारेवर वेग पुरेसा, राउटरजवळ पुरेसा आणि दूर अपुरा असेल, तर प्रश्न भिंतींचा आहे. तारेवर पुरेसा, पण राउटरजवळही अपुरा असेल, तर राउटर, पट्टा किंवा चॅनेल बदलून पाहावे. तारेवर पहाटे उत्तम आणि रात्री ढासळलेला असेल, तर कंपनीच्या जाळ्यात गर्दी आहे. तारेवर सर्वकाळ अपुरा असेल, तर बाहेरची तार, कंपनीचे उपकरण किंवा खात्यावर चढवलेली योजना यांत दोष आहे. सर्व चाचण्या उत्तम, पण ठरावीक संकेतस्थळेच रेंगाळत असतील, तर नावाचे पत्त्यात रूपांतर करणारी डीएनएस सेवा किंवा कंपनीचा बाहेरच्या जाळ्यांशी असलेला दुवा तपासावा लागतो. डीएनएस बदलल्याने पान उघडण्यास लागणारा वेळ कमी होऊ शकतो, परंतु त्याने जोडणीचा मूळ वेग वाढत नाही.

महिन्याच्या उत्तरार्धातच वेग एकाएकी घसरत असेल, तर आणखी एक शक्यता पाहावी. अनेक ‘अमर्याद’ योजनांना वाजवी वापराची मर्यादा असते आणि ती ओलांडली की वेग आपोआप उतरवला जातो. ट्रायने ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी दिलेल्या निर्देशानुसार ही मर्यादा आणि त्यानंतरचा वेग ग्राहकाला स्पष्टपणे सांगणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. तारेवरील ब्रॉडबँडचा वेग कोणत्याही योजनेत ५१२ केबीपीएसच्या खाली आणू नये, असेही त्याच निर्देशात म्हटले आहे.

उंबरठ्यापलीकडे

घरोघरी पोहोचलेल्या फायबरचे जाळे एखाद्या झाडाच्या फांद्यांसारखे असते. प्रचलित ‘जीपॉन’ तंत्रात कंपनीच्या केंद्रातून निघालेला एक तंतू विभाजकामार्फत बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो आणि त्याची सुमारे २.५ गिगाबिट प्रति सेकंद इतकी क्षमता ही सर्व घरे मिळून वापरतात. त्यापुढे केंद्रातून बाहेर जाणारी क्षमताही सामायिकच असते. सर्व ग्राहक एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत, या गृहीतकावर हा व्यवसाय उभा आहे आणि मर्यादेत ते गृहीतक वाजवीही आहे. ही मर्यादा ठरवण्यासाठी ट्रायने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत घरगुती जोडण्यांसाठी एकास ५० आणि व्यावसायिक जोडण्यांसाठी एकास ३० असे वाटपाचे प्रमाण सांगितले होते. कंपनीने क्षमता न वाढवता ग्राहकच वाढवत नेले, की रात्रीचा वेग कोसळू लागतो. राउटर कितीही वेळा बंद-चालू केला, तरी हा दोष जात नाही.

दुसरा नेहमीचा दोष खुद्द तंतूत असतो. विजेच्या खांबांवरून आणि गच्च्यांवरून ओढलेल्या तारा वाऱ्यापावसात ताणल्या जातात, रस्त्याच्या खोदकामात तुटतात. वाराणसीत माकडांनी फायबरच्या तारा कुरतडल्याच्या बातम्या २०१५ मध्ये जगभर झळकल्या होत्या. खोदकामापूर्वी भूमिगत वाहिन्यांची पूर्वसूचना मिळावी, यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. तंतू पूर्ण तुटला, तर डबीवरील ‘एलओएस’ हा तांबडा दिवा लागतो. मात्र तो दुमडला असेल किंवा सांधा सदोष असेल, तर प्रकाशाचा संकेत केवळ क्षीण होतो व वेग अनियमित होतो. तंत्रज्ञ घरी आल्यावर प्रकाशाची पातळी मोजण्यास सांगावे. हे माप उणे डीबीएममध्ये येते आणि उणे २७ च्या आसपास किंवा त्याखाली गेलेले माप हे जोडणी काठावर असल्याचे लक्षण समजावे.

काही वेळा दोष कंपनीच्याही हाताबाहेरचा असतो. भारताची परदेशांशी होणारी बहुतांश माहितीची देवाणघेवाण समुद्रतळावरील केबलींतून होते आणि त्या प्रामुख्याने मुंबई व चेन्नई येथे किनाऱ्याला लागतात. जानेवारी २००८ च्या अखेरीस भूमध्य समुद्रातील केबली तुटल्याने आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ तशीच घटना घडल्याने भारतातील सेवेवर परिणाम झाला होता. अशा वेळी देशांतर्गत संकेतस्थळे नीट चालतात आणि परदेशी संकेतस्थळे रखडतात.

नियमांचे बळ

तारेवरील ब्रॉडबँडच्या गुणवत्तेसाठी ट्रायने २००६ मध्ये विनियम केले होते. कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंत योजनेतील वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळावा, हा त्यांतील एक मानदंड होता. २ ऑगस्ट २०२४ रोजी ट्रायने मोबाइल, तारेवरील दूरध्वनी आणि ब्रॉडबँड या सर्वांसाठी एकत्रित विनियम जारी केले. १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आलेल्या या विनियमांनी जुन्या तीन विनियमांची जागा घेतली.

नव्या विनियमांनुसार तारेवरील ब्रॉडबँडची जोडणी पैसे भरल्यापासून ७ दिवसांत सुरू व्हावी लागते. तारेवरील सेवेतील बिघाड ३ दिवसांनंतरही दुरुस्त झाला नाही, तर ग्राहक भरपाईस पात्र ठरतो. मानदंड मोडणाऱ्या किंवा खोटी माहिती देणाऱ्या कंपन्यांवरील आर्थिक दंडाची मर्यादाही १० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. हा दंड ग्राहकाच्या पदरात पडत नाही. बिघाडाची भरपाई मात्र ग्राहकाच्या हक्काची आहे, आणि ती मिळण्यासाठी बिघाड कोणत्या दिवशी नोंदवला याचा पुरावा त्याच्याकडे असावा लागतो. फोनवर बोलणे झाले, पण तक्रार क्रमांक घेतलाच नाही, तर मुदतीचे घड्याळ सुरूच होत नाही.

तक्रारीची भाषा आणि पायऱ्या

तक्रारीत त्रागा कमी आणि तपशील अधिक असावा. उदाहरणादाखल, ‘योजना १०० एमबीपीएसची. अमुक तीन तारखांना रात्री ९ ते १० दरम्यान तारेने जोडलेल्या संगणकावर, इतर उपकरणे बंद असताना, वेग १० ते १४ एमबीपीएस. त्याच दिवशी सकाळी ६ वाजता ९२ एमबीपीएस. छायाचित्रे सोबत. बिघाड दुरुस्त करावा व नियमानुसार भरपाई जमा करावी,’ एवढा मजकूर पुरेसा आहे. या मजकुरापुढे ‘राउटर बंद करून चालू करा’ हे उत्तर टिकत नाही, कारण राउटर तोच असताना सकाळी मिळणारा वेग रात्री का मिळत नाही, याचे स्पष्टीकरण कंपनीलाच द्यावे लागते.

दाद मागण्याची चौकट ट्रायच्या २०१२ च्या दूरसंचार ग्राहक तक्रार निवारण विनियमांनी घालून दिली आहे. पहिली पायरी कंपनीचे तक्रार केंद्र. तेथे नोंदवलेल्या प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र क्रमांक देणे आणि तो ग्राहकाला कळवणे बंधनकारक आहे. फोनवर बोलल्यावर तोच मजकूर ई-मेलने पाठवून त्यात तक्रार क्रमांक नमूद करावा.

दुसरी पायरी कंपनीतीलच अपील प्राधिकाऱ्याची. तक्रारीचे समाधान झाले नाही किंवा मुदतीत निवारण झाले नाही, तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागणे अपेक्षित आहे. अपिलांवर मत देणाऱ्या दोन सदस्यांच्या सल्लागार समितीत एक सदस्य ट्रायकडे नोंदणीकृत ग्राहक संघटनेचा असतो. कंपन्यांच्या अपील प्राधिकाऱ्यांचे पत्ते ट्रायच्या तक्रार-निरीक्षण पोर्टलवर पाहता येतात. अनेक ग्राहक पहिल्या पायरीवर दमून थांबतात, पण कंपनीला लेखी आणि कारणांसह उत्तर देण्यास भाग पाडणारी पायरी हीच आहे.

ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, हे ध्यानात ठेवावे. दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरणापुढेही सेवापुरवठादाराविरुद्ध ग्राहकांच्या गटाला जाता येते, एकट्या ग्राहकाच्या तक्रारीसाठी ते व्यासपीठ नाही. अपिलानंतरही प्रश्न सुटला नाही, तर केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे तक्रार नोंदवता येते. ऑगस्ट २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी या पोर्टलवरील तक्रारींच्या निवारणाची मुदत २१ दिवसांची केली आहे.

ग्राहक व्यवहार विभागाची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर चालते. ती मराठीसह १७ भाषांतून सेवा देते. त्यामुळे इंदूर, बडोदा किंवा बंगळुरूत राहणाऱ्या मराठी भाषकालाही आपली तक्रार मातृभाषेत मांडता येते. ही हेल्पलाइन न्यायालय नव्हे, ती कंपनीकडे पाठपुरावा करून वाद न्यायालयाबाहेर मिटवण्याचा प्रयत्न करते.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची. ती खुली आहे की नाही, याविषयी बराच काळ संदिग्धता होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका दूरध्वनी बिलाच्या प्रकरणात, १८८५ च्या तार अधिनियमात लवादाची तरतूद असल्याने ग्राहक मंचाकडे जाता येणार नाही, असा निर्णय दिला होता. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी एका मोबाइल ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक मंचांचा अधिकार अबाधित असल्याचे स्पष्ट केले आणि हा अडसर दूर झाला. नव्या दूरसंचार अधिनियम, २०२३ मध्येही ग्राहक संरक्षण अधिनियमाखालील हक्क कायम ठेवण्यात आला आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदाराला तो राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. कंपनीचे मुख्यालय दुसऱ्या राज्यात असले, तरी तेथे खेटे घालावे लागत नाहीत. मोबदल्यापोटी भरलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, वकील नेमणे सक्तीचे नाही आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते. निवाडा होण्यास प्रत्यक्षात बराच काळ लागू शकतो, म्हणून केवळ वेगासाठी नव्हे, तर आगाऊ भरलेली मोठी रक्कम अडकली असेल किंवा सेवेअभावी खरेखुरे नुकसान झाले असेल, तेव्हा हा मार्ग विशेष सार्थ ठरतो.

कंपनी बदलताना

अनेकदा सर्वांत झटपट उपाय म्हणजे सेवापुरवठादार बदलणे. मात्र घाईने तसे केल्यास जुनीच गैरसोय नव्या नावाने घरात येते. नव्या कंपनीला होकार देण्यापूर्वी त्याच इमारतीतील तिच्या ग्राहकाकडे रात्री १० च्या सुमारास तारेवर चाचणी घेऊन पाहावी, कारण शहरभरच्या सरासरीपेक्षा आपल्या गल्लीतील क्षमता महत्त्वाची असते. सवलतीच्या आमिषाने वर्षभराचे पैसे एकदम भरण्याऐवजी पहिले एक-दोन महिने मासिक योजना घ्यावी. आगाऊ रक्कम हाती पडल्यावर ग्राहकाचा सर्वांत मोठा धाक, म्हणजे सोडून जाण्याचा, संपुष्टात येतो.

पावती कोणाच्या नावाने येते, तेही पाहावे. गल्लीतील केबलचालक अनेकदा एखाद्या परवानाधारक कंपनीचा केवळ प्रतिनिधी असतो. इंटरनेट सेवेचे परवाने देशव्यापी, राज्य किंवा मंडळ पातळीवरील आणि जिल्हा पातळीवरील अशा अ, ब, क वर्गांत दिले जातात आणि सेवेची जबाबदारी परवानाधारकावर असते. जुनी जोडणी सोडताना लेखी अर्ज द्यावा, राउटर परत केल्याची पावती घ्यावी आणि अनामत रकमेची मागणी त्याच अर्जात करावी.

तंत्रज्ञ घरी येऊन गेल्यावर तक्रार बंद करण्यासाठी काही कंपन्या ग्राहकाकडून सांकेतिक क्रमांक मागतात. तो देण्यापूर्वी तारेवर चाचणी घ्यावी. बिघाड रात्रीचा असेल, तर रात्रीच्या चाचणीनंतरच क्रमांक देईन, असे सांगण्यात गैर काहीच नाही. मात्र बँकेचा ओटीपी किंवा पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप यांचा इंटरनेट दुरुस्तीशी कोणताही संबंध नसतो. शोधयंत्रावर दिसणाऱ्या बनावट ग्राहकसेवा क्रमांकांवरून अशी मागणी झाल्यास फोन तत्काळ बंद करावा आणि पैसे गेल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. कंपनीचा क्रमांक नेहमी बिलावरून किंवा तिच्या अधिकृत ॲपवरूनच घ्यावा.

घरातील इंटरनेट आता अभ्यासाचा वर्ग आणि कामाचे टेबल झाले आहे. केरळ उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ च्या निकालात इंटरनेट वापरण्याच्या हक्काचा संबंध शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काशी जोडला, तो याच वास्तवामुळे. हा हक्क प्रत्यक्षात कितपत उपभोगता येतो, हे मात्र बरेचसे घरोघरीच्या बारीकसारीक दक्षतेवर अवलंबून आहे. एक मीटरभर केबल, तीन दिवसांच्या नोंदी आणि जपून ठेवलेला तक्रार क्रमांक एवढी सामग्री प्रत्येक ग्राहकाला जमवता येण्याजोगी आहे.